चुईसिवानची चिटणीस

शेला,
१२ सप्टेंबर २००४

चि. ओदिलिया हिस,
बेनितामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बसवाल्याने ते कोंबड्यांच्या टोपलीखाली दाबून आणलं, त्यामुळे अर्धं वाचता आलं आणि अर्ध्याचा नुसता वास घेता आला. पुढच्या वेळी ओळखीच्या बाईच्या हातात दे. तुझी आई बसमधल्या सगळ्यांना ओळखतेच, फक्त पत्र द्यायच्या वेळी तिला कुणी आठवत नाही.

आता बस आणि मग पुढे वाच. अध्यापक विद्यालयात तुझी जागा पक्की झाली! मुख्याध्यापिकाबाईंनी काल स्वतः बोलावून सांगितलं. सतरा जानेवारीला हजर व्हायचं, तीन वर्षं शिकायचं, राहायचं इथे माझ्याच वसतिगृहात. यंदा माझ्याकडे बत्तीस मुली आहेत, तू तेहतिसावी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. जागेबरोबर आमची संस्था जी शिष्यवृत्ती देते, ती सोळा वर्षं पुरी व्हायच्या आत दाखल होणाऱ्या मुलीलाच मिळते. तुला मार्चमध्ये सोळा पुरी होतील. म्हणजे जे काही आहे ते याच जानेवारीत.

तीन वर्षांनी तू चुईसिवानच्या शाळेत शिकवशील. आपल्या गावाला आपल्यातली शिक्षिका अजून मिळालेली नाही. सोमवारी बाहेरून मास्तर येतात, आपली किचे भाषा बोलली म्हणून पोरींच्या हातावर पट्ट्या मारतात आणि शुक्रवारी दुपारीच बस पकडतात. तू शिकवायला लागलीस की पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर येऊन बसणार आहे, मला बाहेर काढू नकोस.

आता माझी एक अट. संस्थेची नाही, माझी. आमच्या प्रत्येक मुलीने शहरात यायच्या आधी एकदा तरी गावसभेत बोलायचं. पुढे गावाचा कारभार करायचा तर बोलणं इथूनच सुरू व्हायला हवं. तू धुण्याच्या टाक्यांबद्दल बोल. वरच्या झऱ्यावर गुरं बांधतात आणि खाली तुम्ही शेणाच्या पाण्यात अंगात घालायचे उइपिल धुता, असं तूच लिहिलं होतंस ना? मग सांग तसं. नाव पुकारलं की लगेच उभी राहा. ताठ. शाल तोंडावर ओढायची नाही, जमिनीकडे बघायचं नाही, आणि आधी माफी मागून मग बोलायचं ही आपल्या बायकांची सवय तर अजिबात नको. आरशासमोर रोज दहा वेळा कर.

तुझ्या आईला, माझ्या नाझाला सांग, तिच्या हातचे मक्याचे टमालितो खाऊन सहा महिने झाले. घरच्या सगळ्यांची काळजी घे, आणि मावशीवरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
बेनितामावशी

*

चुईसिवान,
२६ सप्टेंबर २००४

ति. बेनितामावशीस,
ओदिलियाचा शि. सा. न. वि. वि.

जागेची बातमी वाचली आणि मी अंगणात उडी मारली ती नेमकी वाळत घातलेल्या मक्यावर. आई ओरडली. मग का मारली ते कळल्यावर ती खाली बसून मका गोळा करायला लागली आणि खूप वेळ वर बघेचना. रडत असणार, पण विचारलं तर म्हणाली धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेलीच नव्हती.

आमच्याकडे आरसा हाताच्या पंजाएवढा आहे, त्यात एका वेळी एकच डोळा दिसतो. म्हणून मी शनिवारी टाक्यांवर मुलींसमोर सराव करते. सात जणी येतात. आया त्यांना माझ्याकडे शिकायला पाठवत नाहीत, धुणं देऊन पाठवतात, तेव्हा आम्ही धुता धुता शिकतो. सगळ्यांत हुशार क्रिसांता, तेरा वर्षांची. साबण गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद ती आधी वाचते आणि मग साबण लावते. परवा तिने मला विचारलं की गावाच्या सगळ्या नोटिसांवर आधी पुरुष, मग म्हातारे, मग मुलगे आणि शेवटी स्त्रिया असं का लिहितात. मी म्हटलं, लिहिणारा बदलला की विचारू.

सभा चोवीस ऑक्टोबरला आहे. गावप्रमुख तात इसिद्रोंना आईने विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले, बोलू दे पोरीला, आमचेही कान मोकळे होतील. आईला मात्र हे फारसं पसंत नाही. सभेत बोलणाऱ्या बाईचं पुढे काय होतं असं मी विचारलं, तर म्हणाली मला काय माहीत, मी बोललेली बाई पाहिलेलीच नाही.

बाबांचा फोन दुकानावर आला होता. तिकडे उत्तरेत, सरहद्दीपलीकडे, चार वर्षं झाली, अजून भांडीच धुतात. म्हणाले, नवा उइपिल घालून जा आणि सांतोस पुआकची मुलगी आहे म्हणून सांग. जागेचं ऐकून त्यांनी फोनवर शीळ घातली. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू गेली.

तू मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतेस हे मला कळतं बरं का. पण चढायला आवडतं आहे. तब्येतीला जप. तुझा जीव आमच्यावर आहे, तो तसाच राहो.

तुझी,
ओदिलिया

*

चुईसिवान,
२५ ऑक्टोबर २००४

ति. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, बोलले आणि निवडूनही आले!

आधीपासून सांगते. पुरुष बाकांवर, आम्ही बायका मागे दाराजवळ चटईवर. माझं नाव पुकारल्यावर मी उभी राहिले आणि टाक्यांबद्दल सगळं बोलले. कुणी तरी खोकलं, कुणी तरी हसलं, पण मी थांबले नाही. झऱ्यातलं पाणी एका बाटलीत भरून नेलं होतं, ती तात इसिद्रोंच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ज्याची गुरं आहेत त्याने यातला एक घोट घ्यावा. मग कुणी हसलं नाही. तात इसिद्रो म्हणाले, गुरं हलवायची. एवढ्यात ठरलं सुद्धा!

त्यानंतर तासाभराने पुढच्या वर्षीचे मानकरी ठरवायला घेतले. मी चटईवर बसून गार झालेलं मक्याचं अतोल पीत होते, तेवढ्यात परत माझं नाव ऐकलं. मला वाटलं टाक्यांचंच काही विचारायचं असेल. तू शिकवलं होतंस तशी लगेच उभी राहिले, ताठ, शाल बाजूला सारून. सभेत एकदम कुजबुज झाली आणि तात इसिद्रोंनी काठी तीनदा जमिनीवर आपटली. मी पुढच्या वर्षीची गावची चिटणीस! मुलगी चिटणीस झाल्याचं कुणाला आठवत नाही. वही ठेवायची आणि नोटिसा लिहायच्या. अक्षर तर माझं चांगलं आहेच. रविवारी रविवारी शेलाहून येऊन करीन असा विचार आहे.

आईने मागून शाल इतक्या जोरात ओढली की टाचणी निघाली. आल्यापासून तिचं डोकं दुखतं आहे. बाकी सगळं छान. मुलींना सांगितलं तर क्रिसांता म्हणाली, आता नोटिशीत आधी स्त्रिया लिही.

माया करतेस तेवढीच करत राहा, जास्त केलीस तर डोक्यात हवा जाईल.

तुझी,
चिटणीस ओदिलिया

*

शेला,
३ नोव्हेंबर २००४

चि. गुणाची ओदिलिया हिस,
मावशीचे शंभर आशीर्वाद.

पत्र वाचून मला आभाळ ठेंगणं झालं! बाटलीची युक्ती मी शिकवलेली नाही, ती तुझीच. मी ते पत्र रात्री जेवताना बत्तीस जणींना वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या मंडळींना. त्यांनी तुझा फोटो दर्शनी भिंतीवर लावला आहे. ज्यासाठी मी एकोणीस वर्षं इथे घासते आहे ते एका पोरीने एका सकाळी करून दाखवलं.

तात इसिद्रोंना मी संस्थेच्या कागदावर, शिक्का मारून, आभाराचं पत्र पाठवलं आहे. गावाने दाखवलेल्या विश्वासाबद्दल आम्ही ऋणी आहोत आणि ओदिलिया हे काम शेवटपर्यंत नीट पार पाडील याची मी स्वतः हमी देते, असं लिहिलं आहे. जुन्या लोकांना शिक्क्याचं फार अप्रूप असतं.

नाझाच्या डोकेदुखीला पुदिन्याचा काढा दे. तिला कौतुक पचत नाही, लहानपणापासूनच. तुम्हा सगळ्यांवर माझा जीव आहेच, कमी पडला तर मागून घ्या.

तुझी मावशी

*

चुईसिवान,
१४ नोव्हेंबर २००४

ति. बेनिताताईस,
धाकट्या नाझारियाचा शि. सा. न. वि. वि.

ताई, मी बोलते आहे आणि ओदिलिया लिहिते आहे. जे बोलेन ते सगळं लिही, गाळू नकोस असं तिला बजावलं आहे. (काही गाळत नाही. – ओ.)

तू गाव सोडलंस तेव्हा बारा वर्षांची होतीस. गावची सेवा काय असते ते तू पाहिलंस तेवढंच. सभेत ज्याला काठी, म्हणजे मानकऱ्याचं काम, नको असतं तो नाव पुकारल्यावर बसून राहतो. खाली बघतो. तीनदा पुकारतात. मग शेजारचा कुणी सांगतो की याच्या घरी आजारी माणूस आहे, किंवा याचं घर अजून उभं राहायचं आहे, आणि सभा पुढच्या नावाकडे जाते. कुणाचाही अपमान होत नाही. जो उभा राहिला त्याने काठी घेतली. त्या दिवशी सगळे पुरुष खाली बघून का बसतात असं तुला वाटतं? लाजून? तुझी भाची नाव पुरतं घेऊन व्हायच्या आत उभी राहिली. (मला हे माहीत नव्हतं. आम्ही मुली सभेला कधी जातच नाही, तर मला कुठून माहीत असणार. – ओ.)

चिटणीस रविवारी रविवारी नसते, ताई. एक जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत रोज सकाळी सातला सभाघरात बसावं लागतं आणि चारशे घरांना नोटिसा पायी पोचवाव्या लागतात. फुकट, कारण ती सेवा आहे. आजवर आमच्या घराची सेवा मी करत आले. नवरा परमुलखात, मला लिहिता येत नाही, म्हणून मला झऱ्याची साफसफाई देत. पंधरा दिवस चिखलात उभी राहिले की वर्ष सुटलं. यंदाही तेच मिळालं असतं. पण त्यांनी पोरीला बोलताना ऐकलं. पैसे देऊन दुसरा माणूस उभा करणं गेल्या वर्षीपासून बंद झालं आहे. आणि सेवा नाकारली तर पाणी तोडतात, त्या घरच्या कुणाला गावच्या मातीत पुरू देत नाहीत. माझी दोन तान्ही तिथे आहेत. मला त्यांच्याजवळ जायचं आहे.

तरी वाट होती. वीस दिवसांच्या आत पाव आणि चॉकलेट घेऊन प्रमुखाच्या घरी जायचं, म्हणायचं पोर आहे, न कळता उभी राहिली, माफ करा. पुष्कळांनी केलं आहे तसं. मी तोतोच्या बाजारातून पाव आणला होता. ज्या दिवशी जाणार त्याच सकाळी तुझं शिक्क्याचं पत्र सभाघरात मोठ्याने वाचलं. तात इसिद्रो ते प्रत्येकाला दाखवत होते. तू हमी दिलीस. आता कोणत्या तोंडाने जाऊ? पाव आम्हीच खाल्ला.

सांतोस फोनवर म्हणाला, करू दे, घराची इज्जत आहे. त्याला तिकडून इज्जतच दिसते.

रागावू नकोस. राग आला आहे तो मला. तरी तू माझी ताई आहेस, तेवढं धरून राहा.

तुझी,
नाझारिया

*

शेला,
२० नोव्हेंबर २००४

चि. नाझा आणि चि. ओदिलिया,
दोघींना आशीर्वाद.

काय लिहू? तीन दिवस मी भिंतीवरच्या त्या फोटोखालून मान खाली घालून जाते आहे. माझ्या हाताने मी पोरीच्या पायावर धोंडा पाडला, आणि वर शिक्का मारला.

मी पुढच्या रविवारी, अठ्ठावीसला येते आहे. तात इसिद्रोंना समोरासमोर सांगते की जागा एकदाच मिळते आणि हा गुन्हा माझा आहे. ते समजूतदार आहेत. तोपर्यंत धीर सोडू नका, आणि जमलं तर मला माफ करा.

तुमची,
बेनिता

*

चुईसिवान,
६ डिसेंबर २००४

ति. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू नीट पोचल्याचं बसमधल्या बाईने सांगितलं. तू इथून निघालीस तेव्हा माझ्याकडे वळून बघितलं नाहीस, म्हणून लिहिते.

मी काही ऐकलं नाही असं तुला वाटत असेल, पण तात इसिद्रोंच्या दारात गरम चॉकलेटचे पेले घेऊन मीच उभी होते. तू स्पॅनिशमध्ये सुरुवात केलीस आणि ते किचेत उत्तरं देत राहिले. मग तूही किचेवर आलीस, पण तुझी किचे आता पाहुणीसारखी झाली आहे, मावशी, शब्द शोधत होतीस. ते रागावले नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. त्यांनी एवढंच विचारलं की बेनिता, तू आमच्या मुलींना गावचा कारभार करायला तयार करतेस असं आम्हाला सांगत आलीस, आता गावाने ते मान्य केलं, तर तुझी तक्रार काय आहे? तू खूप वेळ चॉकलेट ढवळत बसलीस.

तू गेल्यावर मी पेले परत आणायला गेले. तेव्हा ते म्हणाले, सेवा चुलीची असते, एका माणसाची नसते. या चुलीवर जेवणारं आणि या छपराखाली झोपणारं रक्ताचं कुणीही काठी घेऊ शकतं. तुझ्या मावशीने वर्षभर येते म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे नाव बदललं असतं, तिने विचारलंच नाही. त्यांनी मला दोन संत्री दिली.

मावशी, म्हणून मी विचारते. तू येशील का? एक वर्ष. वहीचं काम तुला माझ्याहून चांगलं येतं. माझी खाट तुला, मी तिकडे तुझ्या खाटेवर. आईला सांगितलेलं नाही. एकतीस डिसेंबरपर्यंत सांगितलं तर चालेल, असं ते म्हणाले. तू आलीस तर मी जन्मभर तुझं काहीही करीन, हे काही उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाही.

उत्तराची वाट बघते. माझ्यावर माया असेल तर लवकर लिही.

तुझी,
ओदिलिया

*

शेला,
१९ डिसेंबर २००४

चि. ओदिलियास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहिली आणि फाडली.

इथे बत्तीस मुली आहेत. मी वर्षभर उठून गेले तर माझ्या जागेवर संस्था दुसरी बाई आणील, आणि ती बाई या मुलींना किचे बोलू देईल की नाही याची मला खात्री नाही. संस्थेत विचारून पाहिलं. म्हणाले, जा, पण जागा राखून ठेवता येणार नाही. एका मुलीसाठी बत्तीस जणींना वाऱ्यावर सोडायचं का? तू शहाणी आहेस, तूच सांग.

हे सगळं खरं आहे. पण आणखी एक खरं आहे आणि ते लिहिलं नाही तर हेही पत्र फाडावं लागेल. मला भीती वाटते. बाराव्या वर्षी बापाने मला शेलातल्या एका घरी मोलकरीण म्हणून ठेवलं. दहा वर्षं त्यांची फरशी पुसत मी रात्रशाळा केली. इथे मला बाई म्हणतात, लोक मी आल्यावर खुर्ची देतात. तिथे मी लग्न न झालेली बेनिता आहे, जिच्याकडे बघून बायका आपल्या पोरींना दटावतात. त्या दिवशी तात इसिद्रोंसमोर बसले आणि पाच मिनिटांत मी पुन्हा बारा वर्षांची झाले. वर्षभर ते मला जमायचं नाही. मी तुम्हा सगळ्यांना ताठ उभं राहायला शिकवलं, आणि मला स्वतःला येत नाही.

मुख्याध्यापिकाबाईंना जानेवारीअखेरपर्यंत जागा राखायची विनंती करते. काही तरी घडेल. काय ते मलाही माहीत नाही. सोबत बूट पाठवले आहेत, चारशे घरं म्हणजे चालणं फार होईल.

तुझ्या मायेवर माझा आता हक्क नाही, तरी मागते.

मावशी

*

चुईसिवान,
२ जानेवारी २००५

ति. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

बूट मिळाले. बरोबर बसतात.

काल काठी घेतली. चर्चमध्ये नेतात, मग सभाघरात, मग मागच्या वर्षीचा चिटणीस गुडघे टेकून वही देतो. सगळ्यांनी हात हातात घेतला, म्हाताऱ्यांनीसुद्धा. आईने माझी शाल टाचली आणि टाचून झाल्यावरही हात काढला नाही. आज पहिली नोटीस लिहिली, पाणी दोन दिवस बंद राहील अशी. साठ घरं झाली, उरलेली उद्या.

तुझ्या पत्रातलं समजलं. बत्तीस हा आकडा मोठा आहे. तब्येत सांभाळ.

ओदिलिया

*

शेला,
२७ मार्च २००५

चि. ओदिलियास,
मावशीचे आशीर्वाद.

ही तिसरी खेप. आधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही, पण नाझाकडून कळतं की तू बरी आहेस.

जागा फेब्रुवारीत दुसऱ्या मुलीला गेली. बाईंनी माझ्यासाठी पंधरा दिवस जास्त थांबून पाहिलं. मुलगी गरीब आहे, अभ्यासू आहे, तिच्यावर मला राग काढता येत नाही. तुला सोळा पुरी झाल्याच्या दिवशी मी कार्यालयात जाऊन नियमाबद्दल भांडले. भांडण छान झालं, उपयोग काही झाला नाही.

टाक्यांवरच्या मुलींचं काय चाललं आहे? क्रिसांता काय वाचते? तेवढं तरी कळव. त्या सात जणींसाठी तरी आपण एकमेकींशी बोलत राहू. दोन ओळी लिहिल्यास तरी तुझ्या मावशीचा दिवस बरा जाईल.

तुझी मावशी

*

चुईसिवान,
२७ नोव्हेंबर २००५

ति. बेनितामावशीस,
ओदिलियाचा शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही. राग होता, तो जूनपर्यंत पुरला. मग दिवसभर लिहूनच हात दुखायला लागला. आज तुलाच लिहायला हवं असं काही झालं, म्हणून लिहिते.

माझं काम सगळ्यांना आवडलं. इतकी स्वच्छ वही गावाने पाहिली नव्हती म्हणे. झऱ्यावर गुरं परत आली आहेत. उन्हाळ्यात दुसरीकडे पाणी नव्हतं, मालकांनी अर्ज केला, सभेने मंजूर केला, आणि ठराव मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. लोक मला दुरून बघून दार लावतात, कारण मी आले म्हणजे कुठली तरी नोटीस आली. वाईट वाटायचं, आता वाटत नाही. मला बोलावलं तर मी सभेत बोलते, पण कुणी बोलावत नाही. लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं.

गेल्या महिन्यातल्या सभेत तात इसिद्रोंच्या जागी आलेल्या नव्या प्रमुखांनी माझं कौतुक केलं आणि म्हणाले, ज्या घरचा पुरुष उत्तरेत आहे आणि मुलीला लिहितावाचता येतं, त्या घराने यापुढे मुलगीच द्यावी. वही, पाण्याची नोंद, जंगलाची नोंद, सगळ्याला माणसं हवी आहेत, आणि मुली दारू पीत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. बसून राहण्याची सवलतही या कामांना नाही, फक्त वाचता येतं का ते पाहायचं. कोणाला येतं याची यादी करायला मला सांगितलं. मावशी, माझ्याहून चांगलं कोणाला माहीत असणार? मीच शिकवलं होतं.

अशा घरांतल्या तिघींची नावं मी लिहिली. त्या शाळेत जातात, साऱ्या गावाला माहीत होतं, लपवता आलं नसतं. जानेवारीत तिघींची शाळा सुटेल. त्यांच्या आया मला काही बोलल्या नाहीत, एकीने मला बसायला पाटही दिला. शनिवारी टाक्यांवर आता कोणी येत नाही. बायका धुणं घरीच बादलीत करतात.

क्रिसांताला वाचता येतं की नाही याची मात्र गावाला शंका होती, कारण तिची शाळा दोन वर्षांपूर्वीच सुटली होती. ती आता चौदा वर्षांची आहे. काल प्रमुखांनी मला एक कागद देऊन तिच्या घरी पाठवलं. तिच्याकडून वाचून घ्यायचा आणि येऊन सांगायचं, हीच परीक्षा. ती पीठ मळत होती, हात पुसत बाहेर आली. तिची आई मागे तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी कागद दिला. क्षणभर तिचे डोळे त्या ओळींवरून धावले, तिला ते आवरता आलं नाही, मी पाहिलं. मग तिने कागद उलटा केला. अक्षरं खाली डोकं वर पाय. उलट्या कागदावर बोट फिरवत खूप वेळ उभी राहिली आणि म्हणाली की नाही येत, कधीच येत नव्हतं, मी टाक्यांवर फक्त धुणं घेऊन यायचे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आईची बोटं तिच्या खांद्यात रुतली होती.

मी कागद तिच्या हातातून घेतला, सरळ केला आणि निरक्षर माणसांना वाचून दाखवते तसा तिला सावकाश वाचून दाखवला. कळलं का म्हणून विचारलं. ती हो म्हणाली.

मग सभाघरात परत आले, वही उघडली आणि तिच्या नावापुढे माझ्या हाताने लिहिलं, वाचता येत नाही. खाली सही केली. एवढं एकच काम या वर्षात माझ्या मनासारखं झालं.

तू इकडे आलीस आणि ती रस्त्यात भेटली, तर तिच्याशी किचेतच बोल, आणि तिला काही वाचायला देऊ नकोस.

आई बरी आहे. तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.

तुझी,
ओदिलिया